आडवी दांडी

(दुपार. स्वयंपाकघरात ओट्याखालचं कपाट उघडं, आत भरत आलेली बादली. वहिनीचा उजवा हात गार पाण्याच्या पातेल्यात. शेजारच्या खोलीत थोरला पाठ धरून फळीवर पडलेला. मधलं दार उघडं.)

वहिनी: बोटांवर मोजून सांगा, भाऊजींना न बोलावण्यात तुमचा फायदा काय होता? एक, पाठ धरलीय ते कुणाला कळलं नसतं. दुसरा?

थोरला: फायदा कसला? तीस वर्षं लोकांच्या गळत्या काढल्या. आता माझ्याच ओट्याखाली गळतंय म्हणून बाहेरून माणूस आणायचा?

वहिनी: बाहेरून? पाठचा भाऊ आहे तुमचा.

थोरला: पाठचा आहे, पण पाइपाला हात लावून अकरा वर्षं झाली त्याला. दवाखान्याच्या धुलाईत बसून चादरी मोजतो. त्याला काय उमजणार? उद्या मी उठलो असतो आणि दोन मिनिटांत काम केलं असतं. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

वहिनी: तुमचा डावा हात उद्या उठणार, माझा उजवा आज भाजला. फोन केला, ते निघाले. आता फळीवर पडल्या पडल्या हिशेब बदलत नाही.

थोरला: नट सोडायला सांगितला होता कुणी तुला?

वहिनी: तीस वर्षं तुमच्याबरोबर काढली. वॉशर बदलणं बघून बघून येतं. गरम पाणी बंद, मग नट सोडायचा, मग वॉशर. गरम पाणी बंदच होतं, म्हणून सोडला. बंदच होतं ना?

थोरला: ...बादली भरली का बघ.

धाकटा: वहिनी? दार उघडंच होतं, आलो. अरे, हे काय? किती वेळ धरलाय पाण्यात?

वहिनी: तुम्हाला फोन केला तेव्हापासून.

धाकटा: मग अजून थोडा वेळ राहू द्या. बर्फ नको हं. आणि फोड आलाच तर फोडायचा नाही. बांगडी काढलीत का? काढा, मागाहून सूज चढली की निघत नाही.

वहिनी: सगळं पाठ आहे तुम्हाला.

धाकटा: त्या शिवणाच्या बाईंकडून शिकलो. त्यांचा हात भाजला त्या वेळी कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. कुणी हळद लावली, कुणी शाई. दादा, कसा आहेस?

थोरला: पडलोय. सिमेंटची गोणी उचलताना चमक भरली. बारक्या, तू कशाला धावत आलास? रस्त्यावरचा मोठा कॉक बंद कर आणि जा. उद्या बघू.

धाकटा: येतानाच केला बंद. त्याने काय होणार? गच्चीवरची टाकी भरलेली आहे.

थोरला: मग गच्चीवरचा कर.

वहिनी: गच्चीवरचा कॉक गंजून तुटलाय, दोन पावसाळे झाले. सांगून सांगून माझी जीभ झिजली, कॉक काही बदलला नाही. गावाच्या गळत्या काढायच्या आणि आपल्या घरी बादल्या लावायच्या.

धाकटा: दादा, मी बघू का? म्हणजे, हात लावला तर चालेल ना?

थोरला: नको. तुझा हात गेलाय आता त्यातून.

धाकटा: ते खरंच आहे. चुकत असेन तर लगेच सांग. आधी गिझरचं बटण. ते बंद आहे?

वहिनी: पहिलं तेच केलं.

धाकटा: छान. पण गिझरच्या टाकीतलं पाणी तापलेलं राहतं, ते काही तासभर गार होत नाही. आता गरम पाणी अडवायच्या दोन जागा. गिझरमध्ये गार पाणी जातं तिथे एक कॉक, त्यातून गरम बाहेर येतं तिथे दुसरा. दोन्हींतला एक बंद केला तरी पुरतं. गिझर कुठे बसवलाय तुम्ही? पूर्वी न्हाणीत होता.

वहिनी: बोळातल्या नव्या कपाटात. या, दाखवते.

थोरला: तू हात बुडवून बस ना! बारक्या, त्या कपाटात फार अडचण आहे, तुला उभं राहता यायचं नाही. तू ओट्याखाली बादल्या बदलत राहा, टाकी रिकामी झाली की आपोआप थांबेल.

वहिनी: हजार लिटरची टाकी! पाणी वाया जायचं दुःख एकीकडे, घर होडीसारखं तरंगायला लागेल.

धाकटा: सापडलं कपाट, वहिनी. तुम्ही नका उठू, मी ओरडून सांगतो. हा गार पाण्याचा कॉक. फिरत नाही... चुन्याने धरलाय. जोर लावला तर मोडेल.

वहिनी: मग दुसरा?

धाकटा: दुसरा अगदी भिंतीला चिकटून आहे. पण याची दांडी आडवीच आहे. पाइप उभा, दांडी आडवी. म्हणजे बंद आहे की हा.

वहिनी: तेच तर म्हणते मी! मीही तेच बघितलं. यांचा मंत्र सगळ्या गावाला पाठ आहे, मला नसेल?

धाकटा: "उभी तर वाहतं, आडवी तर अडतं."

वहिनी: हां. म्हटलं, सकाळी पडण्याआधी यांनीच बंद केला असेल, आता गळतंय ते पाइपात राहिलेलं. तरी मी विचारलं. इथूनच हाक मारून विचारलं, "अहो, दांडी आडवीच आहे, म्हणजे बंद ना?"

धाकटा: मग? काय म्हणाला दादा?

वहिनी: काही नाही. झोप लागली असेल म्हटलं. नट सोडला आणि धारच आली, वाफेसकट.

थोरला: बारक्या, तू बाहेर ये तिथून.

धाकटा: आलोच. टॉर्च लावून बघतो जरा. पाणी येतंय म्हणजे वाट कुठेतरी उघडी आहे, पाण्याला काही खोटं बोलता येत नाही. दांडी ज्यावर बसते ना वहिनी, त्या खिळीच्या डोक्यावर एक बारीक खाच असते. दांडी काही का सांगेना, आतलं खरं ती खाच सांगते. खाच पाइपाच्या रेघेत असली की...

वहिनी: असली की काय?

धाकटा: ओट्याखाली बघा, वहिनी. मी दांडी फिरवतोय. उभी करतोय. बघा.

वहिनी: थांबलं! अहो, थांबलं! एक थेंब नाही. पण... उभी केल्यावर थांबलं?

धाकटा: हो.

वहिनी: म्हणजे मंत्र उलटा?

धाकटा: दांडी उलटी. वहिनी, माफ करा. तुमचा हात माझ्यामुळे भाजला.

वहिनी: तुमच्यामुळे? तुम्ही तर आत्ता आलात!

धाकटा: मीच बसवला असणार हा. अशी चूक माझीच. त्या शिवणाच्या बाईंकडे हीच केली होती, अगदी अशीच. आडवी दांडी बघून त्यांनी नट सोडला, आणि... इथेही केली असेन कधीतरी, आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हतं. दादा, मला माफ कर. तुझ्या घरातसुद्धा मी...

वहिनी: भाऊजी, शुद्धीवर या. हे कपाट दोन वर्षांपूर्वीचं. कपाट, गिझर, पाइप, सगळं नवं. तुम्ही काम सोडून तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

धाकटा: दोन वर्षांपूर्वीचं?

वहिनी: सुताराच्या मुलीच्या लग्नाआधी आठ दिवस. सुताराला घाई होती, म्हणून यांनाही घाई होती. एका दिवसात उरकलं. आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, घरचं काम म्हणून.

धाकटा: दादाने एकट्याने?

वहिनी: एकट्याने.

धाकटा: दादा. दांडी भिंतीला आपटत होती ना? फिरायला जागा नव्हती.

थोरला: बारक्या, पाठ फार...

धाकटा: तूच शिकवलंस मला. दांडी भिंतीला आपटली तर अख्खा कॉक काढायचा, उलटा फिरवून परत बसवायचा, म्हणजे दांडी मोकळ्या बाजूला येते. तासाचं काम. आणि आळशी माणूस काय करतो तेही तूच सांगितलंस. नुसती दांडी काढतो, तिचा अडणारा कान कानशीने घासतो, आणि पाव फेरी सरकवून ठोकतो. पाच मिनिटांत मोकळा. फक्त मग आडवी म्हणजे चालू होते. "असं करणाऱ्याचे हात तोडावेत," म्हणाला होतास.

वहिनी: भाऊजी, किल्ल्या कशाला काढताय? बसा आधी. तोंड पांढरं पडलंय तुमचं.

धाकटा: ही बघा, किल्ल्यांना अडकवलेली. ही त्या बाईंच्या कॉकची दांडी.

वहिनी: ही तुम्ही इतकी वर्षं खिशात घेऊन हिंडताय?

धाकटा: नवा कॉक बसवला तेव्हा काढून घेतली. विसर पडू नये म्हणून. रोज हाताला लागते. हिचा कान घासलाय, दिसतो? आणि ही इथली, आत्ता काढली. दोन्ही शेजारी धरा. घासल्याच्या रेघा कुठून कुठे जातात?

वहिनी: दोन्हींच्या एकीकडेच कलंडल्यात. अशा.

धाकटा: दादा तुमच्या विळीला धार लावतो, तेव्हा रेघा कशा पडतात?

वहिनी: अशाच. उलट्या. डावखुऱ्याच्या.

धाकटा: मी उजव्या हाताचा, वहिनी. अकरा वर्षं ही दांडी रोज बघतोय. एकदाही रेघा बघितल्या नाहीत. हिच्यात मला माझंच तोंड दिसायचं.

वहिनी: अहो. आता पाठीचं नाव काढलंत तर बघा. बोला.

थोरला: काय बोलू?

वहिनी: मला माहीत आहे तेवढं मी बोलते, राहिलेलं तुम्ही भरा. मला सांगितलंत की धाकट्याकडून चूक झाली. त्या बाईंचा दीर चार माणसं घेऊन दारात आला, तेव्हा तुम्ही पुढे होऊन हात जोडलेत, "पोरगं नवखं आहे, मी पदरात घेतो" म्हणालात. सगळे म्हणाले, थोरला असावा तर असा. मीही म्हटलं. त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला होता. हे जमेला. पुढे?

थोरला: घाबरलो होतो मी.

वहिनी: कशाला?

थोरला: वीस वर्षांचं नाव होतं. समोर चार माणसं होती. "कुणी बसवला?" म्हणून विचारलं, आणि तोंडातून "धाकट्याने" निघून गेलं. ठरवून नाही. खरंच सांगतो, ठरवून नाही.

धाकटा: त्यांच्यासमोर निघून गेलं, समजलं. पण घरी आल्यावर? घरी आल्यावर मला काय म्हणालास?

थोरला: बारक्या...

धाकटा: मी सांगतो. आदल्या रात्री पोरगी झाली होती मला. रात्रभर दवाखान्याच्या बाकड्यावर होतो, सकाळी तसाच कामावर. दोघांनी मिळून त्या घरात सहा कॉक बसवले, आणि संध्याकाळीच बाईंचा हात भाजला. तू म्हणालास, "तो तू बसवलास, तुझे डोळे मिटत होते, तुला आठवायचं नाही." मी म्हटलं, असेल. दादा म्हणतोय म्हणजे असेल. मी तुझ्या पायाशी बसून रडलो, तर पाठीवरून हात फिरवलास. म्हणालास, "चूक माणसाकडूनच होते."

थोरला: दुसऱ्या दिवशी सांगणार होतो.

वहिनी: दुसरा दिवस कधी उजाडला नाही वाटतं.

थोरला: दुसऱ्या दिवशी याने हत्यारांची पेटी माझ्यासमोर आणून ठेवली. म्हणाला, आजपासून पाइपाला हात लावणार नाही. आता सांगितलं तर दोन खोटी उघडी पडतील, असं झालं. मग तीन. मग वर्ष गेलं. तो कुणाकडेही गेला की सांगायचा, दादाने वाचवलं मला. मग कुठून सांगू?

वहिनी: आणि तरी या कपाटात पुन्हा तेच?

थोरला: हाताला वळण पडलं ते पडलं. म्हटलं, घरचंच आहे, मला ठाऊक आहे, सवडीने बदलू.

वहिनी: निदान चिठ्ठी चिकटवायची दांडीवर. "उलटी आहे" एवढंच.

थोरला: चिठ्ठी कुणी वाचली असती तर?

वहिनी: कळलं. दुसरा फायदा कळला मला. भाऊजींना बोलवायला नको होतं, कारण भाऊजी कपाट उघडणार. आणि मी विचारलं तेव्हा तुम्हाला झोप नव्हती लागली.

थोरला: नव्हती.

वहिनी: ऐकलं होतंत.

थोरला: ऐकलं. मला वाटलं तू बादली लावून गप्प बसशील. पाना घेशील असं वाटलं नाही. "उलटी आहे" म्हणणार होतो. तोंडही उघडलं होतं. मग वाटलं, तू विचारशील, उलटी कशी. एवढ्यात तू ओरडलीस.

वहिनी: एवढ्यात मी ओरडले.

धाकटा: वहिनी, हात बघू. लाली उतरतेय. फोड नाही येणार बहुतेक. तुमचं नशीब.

वहिनी: त्या बाईंचं कसं आहे आता?

धाकटा: अंगठा आणि दोन बोटं वळत नाहीत. मशीन चालवतात, कात्री धरता येत नाही. म्हणून दर रविवारी जातो, आठवड्याचं कापड कापून देतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. चौथ्या रविवारी उघडलं. आता खडूने रेघा मारून ठेवतात, मी कापतो. फार बोलत नाहीत. मीही नाही.

थोरला: तू दर रविवारी जातोस? मला वाटलं कधीमधी.

धाकटा: एक चुकला नाही. दादा, एक विचारू? पोरीच्या वाढदिवसाला मी कधी घरी थांबत नाही, ते तुझ्या लक्षात आलं होतं का?

थोरला: जास्तीची पाळी लावून घेतोस, म्हणायची तुझी बायको.

धाकटा: मी मागून घेतो ती पाळी. बाईंचा हात भाजला तो दिवस आणि पोरीचा दिवस एकाच्या शेजारी एक येतात. केक समोर आला की मला तो हात दिसतो. गेल्या वर्षी पोरगी आईला म्हणाली, "मी झाले तेव्हा बाबांचं काही वाईट झालं का?"

वहिनी: अगं बाई.

धाकटा: मी दाराआड होतो. ऐकलं आणि कामावर गेलो.

थोरला: मी जातो, सांगतो सगळ्यांना. त्या बाईंच्या दिराला, तुझ्या बायकोला. पोरीलाही.

धाकटा: पोरीला नको. पोरीला मी सांगेन काय सांगायचं ते.

वहिनी: हिशेब पुरा होऊ द्या आधी. कॉक सरळ बसवायला लागला असता एक तास. तो यांनी वाचवला. जमेला एक तास. खर्चाला त्या बाईंची तीन बोटं. भाऊजींचं हातचं काम आणि अकरा वर्षांचे रविवार. त्या पोरीचे वाढदिवस. आज माझं मनगट. आता तुमच्या नावावर काय लिहू?

थोरला: पाठ लिही.

वहिनी: पाठ गोणीने गेली. ती यात धरायची नाही.

धाकटा: वहिनी, तुमचा पाना द्या. आणि नवा वॉशर असेल तर.

वहिनी: राहू द्या आता, भाऊजी. पाणी थांबलंय.

धाकटा: तो कॉक काढून उलटा फिरवून बसवतो. आधी गच्चीवरची टाकी आणि गिझर रिकामा करतो, मग होईल. तासाचं काम आहे.

थोरला: तू पाइपाला हात लावणार?

धाकटा: मला न लावायचं काही कारण राहिलं नाही. पाना डावीकडे ठेवलाय की उजवीकडे?

वहिनी: ओट्यावरच आहे. तुमच्या उजव्या हाताला.

थोरला: बारक्या, रविवारी मीही येतो तुझ्याबरोबर. फळीवरून उठेन तोवर.

धाकटा: रविवारी मी जाणार नाही.

थोरला: का?

धाकटा: रविवारी पोरीचा वाढदिवस आहे. अकरावा. मी घरी असणार. तू जा. सकाळी नऊला. चपला बाहेर काढायच्या, मशीन चालू असेल तर ती थांबेपर्यंत बोलायचं नाही. कापड मेजावर असतं. त्यांची कात्री उजव्या हाताची आहे, तुला जमायची नाही. आपली घेऊन जा.

थोरला: एकटाच जाऊ?

धाकटा: मी एकटाच जात होतो.